पाच ते अकरा

१

सात झाडं मेली होती, आणि मेलेली असूनही हिरवीगार होती.

संयोगिता गच्चीच्या दारातच थबकली. धारवाडहून रात्रीच्या बसनं निघून ती सकाळी चामराजपेटेतल्या घरी पोचली होती, पाठीवरची सॅकही अजून उतरली नव्हती. वनस्पतिरोगशास्त्रातली तिची एम.एस्सी. आठवड्यापूर्वीच संपली होती. तिला वाटलं होतं, आधी फिल्टर कॉफी मिळेल आणि मग अभिनंदन. मिळाली ती आत्याची हाक: "आधी वर ये!"

पूर्वेच्या कठड्यालगत एका ओळीत अठरा काळ्या पिशव्या होत्या. प्रत्येक पिशवीत टोमॅटोचं एकेक झाड होतं आणि पिशवीवर पांढऱ्या रंगात नंबर. एक ते चार ताठ उभी. बारा ते अठराही ताठ, लालबुंद फळांनी लगडलेली. मधल्या सातांनी मात्र माना टाकल्या होत्या. पानं पिवळी नव्हती, फळं जागच्या जागी होती, पण शेंडे दुपारच्या बाजारातल्या पालकासारखे लोंबत होते.

"हात लावू नकोस," सोयराबाई म्हणाली. "पुरावा आहे तो."

सोयराबाईनं चाळीस वर्षं मुलींच्या शाळेत पी.टी. शिकवली होती. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी गळ्यात शिट्टी नसतानाही ती असल्यासारखंच बोलायची.

"कसला पुरावा, आत्या?"

"खुनाचा."

ही झाडं साधी नव्हती. संयोगिताचे आजोबा, रघुजी, एका मोठ्या सरकारी बागेत मुख्य माळी होते. तीस वर्षं दर हंगामात उत्तम फळांचं बी राखून त्यांनी हा टोमॅटो घडवला: पातळ सालीचा, भोपळ्यासारख्या फाका असलेला आणि असा आंबट, की एका फळात चार माणसांचं सार व्हावं. त्यांच्यामागे सोयराबाईनं तो जपला. आज दुपारी चार वाजता शहरातल्या एका बागप्रेमी मंडळाचे पाच जण तो बघायला येणार होते. त्यांना पटला, तर त्याचं बी मंडळाच्या बियाणे-संग्रहात 'रघुजी' या नावानं जाणार होतं.

"आणि हिनं," सोयराबाईनं टाकीकडे बोट केलं, "आजचाच मुहूर्त साधला."

टाकीच्या सावलीत गंगव्वा बसली होती. ती निपाणीकडची, पंचेचाळिशीची, याच गल्लीत चार घरांच्या गच्च्या सांभाळणारी. डोळे रडून सुजले होते, पण पाठ ताठ होती.

"हिच्या पिशवीत हे सापडलं." सोयराबाईनं फडक्यात गुंडाळलेली, लेबल नसलेली बाटली पुढे केली. "वास घे. विष आहे. सकाळी बसवनगुडीत मंडळाच्या त्या हयवदनरावांकडेही काम करते ना ही? तीन वर्षं तो माणूस माझ्याकडे बी मागतोय आणि मी देत नाही. आता समजलं? चार वाजता सगळ्यांसमोर सांगणार आहे मी. मग बघते, या गल्लीत हिला कोण दारात उभं करतं."

गंगव्वाच्या हातातली चारही घरं जाणार, हे त्या वाक्यातच ठरून गेलं होतं.

संयोगितानं बूच उघडून वास घेतला. दवाखान्यात सुई टोचण्याआधी येतो तो वास.

"आत्या, हे स्पिरिट आहे."

"स्पिरिट झाडाला कशाला लागतं?"

"झाडाला नव्हं, ताई," गंगव्वा पहिल्यांदाच बोलली. "कात्रीला."

२

"कात्रीला! ऐकलंस?" सोयराबाई म्हणाली. "आता कात्रीला अत्तरही लावेल."

पण संयोगितानं ऐकलं होतं, आणि ते वाक्य तिनं मनातल्या मनात एका बाजूला जपून ठेवलं.

"आत्या, मला चार वाजेपर्यंत वेळ दे. तोवर कुणाला काही बोलायचं नाही."

"तू काय करणार?"

"ज्यासाठी तुम्ही मला सहा वर्षं शिकवलंत, ते."

सोयराबाईच्या चेहऱ्यावर राग होता, तरी त्याखाली क्षणभर काहीतरी सुखावलं. "चार म्हणजे चार," ती म्हणाली आणि खाली गेली.

संयोगितानं सॅकमधून भिंग काढलं. चौकशी करताना आधी प्रेत बघायचं, असं तिचे सर म्हणायचे. माणसं नंतर, कारण ती बोलतात. ती एकेका झाडाशी उकिडवी बसली आणि मोठ्यानं बोलत गेली. गंगव्वा ऐकत होती.

"करपा असता तर पानावर डाग पडले असते, खोडाच्या कापासारखी वर्तुळात वर्तुळं. डाग नाहीत. पांढरी माशी विषाणू घेऊन आली असती, तर पानं वाटीसारखी वळून बारीक झाली असती. ही सपाट आहेत. नागअळी पानात वेड्यावाकड्या पांढऱ्या रेघा ओढते. त्या दोनचार आहेत, पण चौदा नंबरवर, आणि चौदा नंबर ठणठणीत आहे."

"ती पानं काडून टाकते की मी दर आठवड्याला," गंगव्वा म्हणाली.

"तणनाशक उडालं असतं, तर शेंडे पिळवटले असते. बुरशीची मर असती, तर आधी खालची पानं पिवळी पडली असती, बऱ्याचदा एकाच बाजूची, आणि झाड हळूहळू गेलं असतं." तिनं आठ नंबरचं झाड पिशवीतून मुळासकट काढलं आणि मुळं बादलीत धुतली. "गाठी नाहीत, म्हणजे मुळांत शिरणारे सूत्रकृमीही नाहीत."

तिनं त्याच झाडाचं खोड मातीच्या वर चार बोटांवर कापलं. कापाच्या आत, सालीच्या लगत, तपकिरी रंगाची गोल कड होती.

"गंगव्वा, एक काचेचा ग्लास आणते. पाणी मात्र स्वच्छ हवं."

ग्लास आणायला ती जिन्यावरून उतरली. भिंतीवरचा आजोबांचा फोटो तिनं हजार वेळा पाहिला होता: उन्हात टोमॅटोच्या ओळीत वाकलेले रघुजी, हातात कलमाचा छोटा चाकू, आणि शेजारी आठ वर्षांची सोयरा, दोन्ही हातांत पेटतं निरांजन धरून. पाहण्याची सवय पुसली गेली, की गोष्टी दिसतात. भर उन्हात निरांजन कशाला? तिला नवल वाटलं. पण हातात ग्लास होता आणि घाई होती.

वर आल्यावर तिनं खोडाचा बोटभर तुकडा तारेला अडकवून पाण्यात टोक बुडेल असा टांगला. दोघी ग्लासासमोर मांडी घालून बसल्या. एक मिनिट, दोन, तीन.

चौथ्या मिनिटाला खोडाच्या तळातून दुधासारखा एक धागा सुटला. बारीक, सरळ, अजिबात घाई नसलेला. तो तळाशी पोचला तोवर दुसरा निघाला.

"अय्यो," गंगव्वा कुजबुजली. "दूध?"

"जिवाणू. एका धाग्यात कोट्यवधी. खोडातल्या पाण्याच्या नळ्या त्यांनी तुंबवल्या, म्हणून मातीत पाणी असूनही झाड तहानेनं मेलं. जिवाणूजन्य मर म्हणतात याला." संयोगिताच्या आवाजात विजय होता. "हे विष नाही. तुम्ही सुटलात, गंगव्वा!"

आणि लगेच तिचं तोंड उतरलं. हा जिवाणू मातीतून मुळांत शिरतो. शेतात तो पाण्याबरोबर या झाडाकडून त्या झाडाकडे जातो. पण इथे पिशव्या वेगळ्या होत्या, खाली विटा होत्या, पाणी झारीनं वरून घातलं जात होतं. एका पिशवीतून दुसऱ्या पिशवीत जायला त्याला पाय नव्हते.

सात पिशव्यांत त्याला कुणीतरी नेलं होतं.

३

"या झाडांना शेवटचं कापलं कधी?" तिनं विचारलं.

"दसऱ्याला. आज अकरावा दिवस." गंगव्वानं बोटांवर मोजून हिशेब सांगितला. "बगलेतले फुटवे काडायचे होते. या घरात दसऱ्याचा पैला काप अक्काच घालतात. माझं काम मागनं."

"तुम्ही किती झाडं कापली?"

"शेवटची. बारा ते अठरा."

संयोगितानं ओळीकडे पाहिलं. शेवटची सातही झाडं ताठ होती.

"तुमची कात्री दाखवा."

कात्री अशी चकचकीत होती की संयोगिताला तीत आपलं कपाळ दिसलं. "बेळगावकडं ढबू मिरचीच्या पॉलिहाउसात सा वर्सं होते," गंगव्वा सांगू लागली, आणि सांगता सांगता तिची मान वर आली. "तितं साहेबाचा नियमच व्हता. एक झाड कापलं की कात्री स्पिरिटात. न बुडवता दुसऱ्याला लावली की त्या दिवसाचा पगार कट. माजा एकदाबी कट झाला नाही, बगा. इतं आल्यावर अक्का हसल्या. मनल्या, कात्रीला काय ताप आलाय का? मग मी गुपचूप पुसते. मनूनच बाटलीवर नाव नाही."

"आणि दसऱ्याआधी काही वेगळं दिसलं होतं?"

गंगव्वानं पाच नंबरकडे बोट केलं. "खंडेनवमीला, दुपारी. पाच नंबरनं मान टाकली व्हती. सांजच्याला परत उबी. अक्कांना सांगितलं, त्या मनल्या ऊन लागलंय, स्वल्प पाणी घाल. मग आठ दिस ढगच व्हते."

तेवढ्यात खाली स्कूटर थांबली. दुपारी पाहुण्यांसाठी लागणाऱ्या घडीच्या खुर्च्या घेऊन हयवदनराव आले होते. बसवनगुडीतला हा निवृत्त गृहस्थ मंडळाचा चिटणीस होता. आवाज गोड, मिशा बारीक आणि नजर सतत कुणाच्या तरी कुंडीकडे. सोयराबाई नेमकी फुलं आणायला गेली होती, म्हणून संयोगितानं त्यांना गच्चीवर नेलं.

झाडं बघताच त्यांच्या हातातली खुर्ची खाली पडली.

"रामा! हे कसं झालं?"

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटून काय उपयोग? सोयराबाईंना काय वाटेल ते मला माहीत आहे." ते खुर्चीवर बसलेच. "खरं सांगू, संयोगिता? तीन वर्षं मी बी मागतोय. मिळेना, तेव्हा गेल्या वर्षी इथे जेवायला आलो असताना ताटातल्या कोशिंबिरीतलं बी रुमालात बांधून नेलं. उगवलं. अठरा रोपं आहेत माझ्या गच्चीवर. हे सांगायची माझी हिंमत नाही, पण विष घालायची गरजही नाही."

संयोगिताला हसू आवरलं नाही. "दसऱ्याला तुम्ही इथे आला होता?"

"सोनं द्यायला. ती गंमतच झाली. मी बेल वाजवली, दार उघडलं, आणि सोयराबाई हातात उघडा चाकू घेऊन समोर! पातं लालेलाल. मी म्हटलं, अहो बाई, मी फक्त पानं द्यायला आलोय. तर म्हणाल्या, भिऊ नका, अकरा झाली, उरलेली गंगव्वा करेल."

"लालेलाल?" संयोगितानं हळूच विचारलं.

"हो ना. कशानं ते मी विचारलं नाही बुवा. सोयराबाईंना जास्त प्रश्न विचारणारा माणूस मी बघितलेला नाही."

४

हयवदनराव गेल्यावर संयोगिता भिंग घेऊन पुन्हा सात नंबरपाशी बसली. जिथे फुटवा काढला होता, तिथली खपली वाळली होती, आणि खपलीच्या कडेला मोहरीहून बारीक लाल ठिपका होता.

लाल कोळी असावा, असं तिला आधी वाटलं. कोळी चालतो. तिनं सुईचं टोक लावलं. ठिपका हलला नाही. तिनं तो बोटावर चोळला, आणि बोट लाल झालं.

कुंकू.

सहा नंबरवर कुंकू. नऊवर, दहावर, अकरावर कुंकू, आणि शेजारी हळदीची पिवळी कड. बारा नंबरवर काही नाही. तेरा, चौदा, अठरापर्यंत काही नाही.

आता तिला सगळं स्पष्ट दिसू लागलं. आजोबांचा कलमाचा चाकू. इतर मराठा घरांत खंडेनवमीला तलवारी पुजतात. त्यांच्या घरी देवापुढे हा चाकू मांडला जायचा, हळदकुंकू लावून. आणि दसऱ्याला पहिला काप त्याच चाकूनं व्हायचा. पुजलेलं पातं पुसायचं नाही, धुवायचं नाही. लहानपणी एकदा तिनंच तो ओढणीला पुसला होता, तेव्हा आत्यानं तिला गच्चीला दहा फेऱ्या मारायला लावल्या होत्या. न पुसलेलं पातं ओळीनं एकेका झाडात शिरलं, आणि एका झाडाचा रस पुढच्याच्या जखमेत.

म्हणजे ज्या बाईनं ही झाडं पंचवीस वर्षं पोटच्या पोरांसारखी वाढवली, तिच्याच हातानं ती मेली.

संयोगिता कठड्याला टेकून उभी राहिली. आता तिला खाली जायचंच नव्हतं. सुटकेची काही फट सापडते का, म्हणून तिनं एक ते चार नंबरची झाडंही तपासली.

आणि फट सापडली. एक नंबरवर कुंकू होतं. दोन, तीन, चारवरही होतं. चौघांनाही तोच चाकू लागला होता, आणि चौघंही जिवंत होती, उलट नवी फुलं घेऊन.

चाकू दोषी असेल, तर ही चार कशी वाचली?

५

एक वाजला होता. सोयराबाईनं जेवायला हाक मारली. संयोगिता नंतर येते म्हणाली आणि पाच नंबरसमोर बसून राहिली. सगळे धागे इथेच येऊन थांबत होते. इथवर चाकू निरुपद्रवी होता आणि इथून पुढे प्राणघातक. आणि याच झाडानं दसऱ्याच्या आदल्या दुपारी मान टाकली होती.

म्हणजे ते कापायच्या आधीच आजारी होतं.

तिनं पिशवी निरखली. बाकी पिशव्या उन्हानं विटून करड्या झाल्या होत्या, ही कोरी काळी होती. नंबरही वेगळ्या हातानं लिहिलेला, घाईचा, पाचाचं पोट फुगलेला. तिनं मातीत बोटं घातली. बाकीच्या पिशव्यांत नारळाच्या काथ्याचा भुसा होता. या मातीत वाळलेल्या खोडाचा काटेरी तुकडा सापडला. वांग्याचा.

"पाच नंबरची पिशवी कुणी बदलली?"

"मी न्हाई," गंगव्वा म्हणाली. "गणपतीत मी गावाकडं व्हते. आले तर ही नवीच. मला वाटलं अक्कांनी केली."

"आणि वांगी कुठे होती?"

गंगव्वानं कोपऱ्यातला मोठा टब दाखवला. त्यावर फरशी ठेवलेली होती. "मे महिन्यात झाडं अशीच उबी हिरवी मेली. मनून मी माती झाकून ठेवली, कुणी वापरू नाही मनून." तिनं फरशी सरकवली आणि ओठ दाबले. टब अर्धा रिकामा होता.

गणपतीत घरी आलेला, नंबर घाईत लिहिणारा आणि पाचाचं पोट फुगवणारा माणूस संयोगिताला चांगला ठाऊक होता. तिनं फोन लावला. अभिराज, तिचा चुलत भाऊ, एचएसआर लेआउटमध्ये एका स्टार्टअपमध्ये होता.

"संयू! काँग्रॅट्स! पार्टी कधी?"

"अभि, गणपतीत आत्याची पाच नंबरची पिशवी फोडलीस?"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला, आणि मग अभिराज दबक्या स्वरात बोलला.

"तुला कोणी सांगितलं?"

"पाचानं."

"अगं, फोटो काढत होतो, मागे सरकलो, आणि फाडकन फाटली. आत्या देवघरात होती. तिला कळलं असतं तर मला कठड्याला उलटं टांगलं असतं. म्हणून पटकन नवीन बॅग, कोपऱ्यातल्या टबातली माती, डन. झाड तर मस्त तगलं ना? संयू? तगलं ना?"

"चार वाजता ये," ती म्हणाली. "आणि येताना काही बनवून सांगू नकोस. खरं तेवढंच घेऊन ये."

तिनं फोन ठेवला. साखळी पूर्ण झाली होती. इतकी वर्षं काथ्याच्या भुशात आजारच नव्हता, म्हणून न पुसलेलं पातं खपून गेलं होतं. वांग्याचा आजार मातीतून पाच नंबरच्या मुळात गेला, आणि पाच नंबरपासून पुढे पुजलेल्या पात्यावरून अकरापर्यंत. अकराव्या झाडाशी बेल वाजली नसती, तर अठराच्या अठरा गेली असती.

आता फक्त हे सोयराबाईला सांगायचं उरलं होतं.

६

सोयराबाई जिन्यात पाहुण्यांसाठी रांगोळी काढत होती. संयोगिता दोन पायऱ्या वर बसली आणि तिनं पहिल्यापासून सगळं सांगितलं: ग्लासातला धागा, मान टाकणारं पाच नंबर, अभिराज, टब, कुंकू. आवाज न चढवता, काही न गाळता, जसं सरांपुढे मांडलं असतं तसं.

सोयराबाईच्या चिमटीतली रांगोळी एकाच जागी सांडत राहिली.

"म्हणजे बाबांचा चाकू," ती अखेर म्हणाली. "बाबांनी घालून दिलेली रीत. ती चुकीची, असं म्हणतेस? पाच पिढ्यांची माळी माणसं आम्ही, आणि आमची रीत झाडं मारते?"

"चाकू फक्त वाहन होता, आत्या. पण न पुसता..."

"बाबांनी कधी पुसला नाही! तीस वर्षं! मी शेजारी उभी असायची. एक झाड मेलं नाही त्यांच्या हातनं!"

आजोबांच्या काळीही हा जिवाणू मातीत होताच. ते पुसत नव्हते. मग त्यांची झाडं का मेली नाहीत? तिनं मान वळवली, आणि भिंतीवरचा फोटो समोर आला. भर उन्हात पेटलेलं निरांजन.

"आत्या," ती सावकाश म्हणाली, "या फोटोत तू निरांजन का धरलंयस?"

"का म्हणजे? दसराच तो. बाबा ओळीनं कापत जायचे आणि मी निरांजन घेऊन त्यांच्याबरोबर. प्रत्येक झाडाला ओवाळायचं."

"झाडाला ओवाळायचे? की चाकूला?"

सोयराबाईनं डोळे मिटले. साठ वर्षांपूर्वीचं ऊन तिच्या चेहऱ्यावर आलं असावं.

"चाकू ज्योतीतून न्यायचे," ती म्हणाली. "एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं. मग कापायचे. पुढच्या झाडाशी पुन्हा. मी विचारायची, बाबा, सारखं सारखं का? ते म्हणायचे, प्रत्येक झाडाला कोरा चाकू. मला वाटायचं, मान देतात. माझा हात भाजायचा, तरी मी निरांजन सोडायची नाही." तिनं तळवा उलटा करून पाहिला. "ते गेल्यावर वारा फार, ज्योत टिकेना. निरांजन मी देवघरातच ठेवायला लागले. कुंकू तेवढं राहिलं."

"जाळानं पातं निर्जंतुक होतं, आत्या. आजही आम्ही प्रयोगशाळेत असंच करतो, रोज." "आजोबांची रीत चुकीची नव्हती. पूर्ण होती. आपण अर्धी ठेवली."

सोयराबाईनं फोटोकडे एकदा पाहिलं. मग ती गुडघ्यावर हात टेकून उठली.

"गंगव्वा कात्री स्पिरिटात बुडवते, तेही हेच?"

"हेच. प्रत्येक झाडाला कोरी कात्री."

"आणि मी तिला हसले," सोयराबाई म्हणाली. घड्याळात पावणेचार झाले होते.

७

मंडळाचे पाचही जण खुर्च्यांवर बसले होते. मधल्या सात पिशव्या संयोगितानं तोंडं बांधून दूर कोपऱ्यात नेऊन ठेवल्या होत्या आणि ओळीत तेवढी रिकामी जागा ठेवली होती. अभिराज दाराशी कान पकडल्याच्या बेतात उभा. गंगव्वा टाकीमागे, जाऊ की थांबू अशा अवस्थेत.

"उभे राहू नका, बसूनच ऐका," सोयराबाई म्हणाली. तो पी.टी.चा आवाज होता. हयवदनराव बसलेलेच होते, तरी सावरून बसले. "इथे अठरा झाडं होती. सात मेली. ती मी मारली."

कुणीतरी कप खाली ठेवला.

"या माझ्या भाचीनं एका सकाळीत शोधून काढलं. कसं, ते तीच सांगेल, आणि तुम्ही वहीत लिहून घ्या, तुमच्याही गच्च्यांवर टोमॅटो आहेत. पण त्याआधी एक. सकाळी मी या घरातल्या एका बाईवर आळ घेतला. जी सात झाडं तिनं कापली, त्यातलं प्रत्येक उभं आहे. जी मी कापली, त्यातली सात गेली. गंगव्वा, पुढे ये. अशी मागे काय उभी राहतेस? आजच्या समारंभात तुझी जागा पहिली आहे."

गंगव्वा आली. पदर सारखा करत, पण पाठ सकाळसारखीच ताठ.

"चुकले मी," सोयराबाई तिला सगळ्यांसमोर म्हणाली.

"सरी, अक्का, ठीक हाय," गंगव्वा म्हणाली, आणि मग डोळे पुसून, "पण कात्रीला ताप आलाय का, हे तेवडं परत मनायचं नाही."

पाचही पाहुणे हसले. सगळ्यांत मोठ्यानं हयवदनराव हसले, आणि त्या हसण्याच्या आडोशानं त्यांनी कोशिंबिरीची गोष्ट कबूल करून टाकली. सोयराबाईनं त्यांच्याकडे असं बघितलं की ते पुन्हा गप्प झाले.

"अठरा आहेत?" तिनं विचारलं.

"अठरा," ते म्हणाले.

"माती कुठली घातलीत ते संयोगिताला दाखवा. आजच."

मग संयोगितानं ग्लासात नवा तुकडा टांगला. पाचही जण वाकून बघू लागले. दुधाचा धागा सुटला, तशा वह्या उघडल्या.

"हे मला उभ्या जन्मात कधी बघायला मिळालं असतं?" सोयराबाई पुटपुटली, आणि शेजारच्या बाईला कोपरानं ढोसून म्हणाली, "भाची माझी."

शेवटी बी काढायची वेळ आली. अठरा नंबरवर एक फळ होतं, पूर्ण पिकलेलं, अकरा फाकांचं. पाहुण्यांसमोर ते देठासकट उतरवायचं, असं सोयराबाईनं महिनाभर आधीच ठरवलं होतं. ती देवघरात गेली आणि आजोबांचा चाकू घेऊन आली. दुसऱ्या हातात पेटतं निरांजन होतं. वाऱ्यात ज्योत थरथरली, तशी तिनं तळव्यानं आडोसा केला.

तिनं चाकू गंगव्वापुढे धरला.

"मी?" गंगव्वा म्हणाली. "अक्का, ह्यो तर मालकांचा..."

"माळ्याचा आहे," सोयराबाई म्हणाली. "धर."

गंगव्वानं पातं ज्योतीतून नेलं. एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं. सोयराबाई आठ वर्षांच्या मुलीसारखी दोन्ही हातांत निरांजन घेऊन तिच्याशेजारी उभी राहिली. बोटांना चटका बसत असणार, पण तिनं ते हलू दिलं नाही.